पहिल्या आखाजीचा मुऱ्हाळी

“बाप कुठाय?”

अक्काच्या सासूबाई ओट्यावर पाट टाकून बसल्या होत्या. मी खाली अंगणात. खांद्याला निळी पिशवी, डोक्याला रुमाल. सकाळचे साडेआठ वाजले होते आणि ऊन आत्ताच चावायला लागलं होतं.

“गिरणीवर,” मी म्हणालो. “आखाजीचं दळण आलंय, रांग लागलीये. म्हणून मला पाठवलं मुऱ्हाळी.”

“म्हणजे त्यांना कामं. आणि आम्ही रिकाम्या.”

 रस्ताभर मी एकच वाक्य पाठ करत आलो होतो, ‘मामी, अक्काला न्यायला आलोय, पाच दिवसांनी आणून सोडतो.’ ते मी आल्या आल्याच म्हणून टाकलं होतं. पुढचं पाठ केलेलं नव्हतं.

“सून म्हणजे काय जेवणाचा डबा आहे का रे? पोराच्या हातात दिला नि चालला. मोठं माणूस येऊ दे. मग बघू.”

आत चुलीजवळ अक्का पाट्यावर पुरण वाटत होती. तिने मान वर केली नाही. वरवंटा मात्र थांबला होता.

आमच्याकडे खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न झालेली पोरगी माहेरी येते. तिला आणायला भाऊ नाहीतर बाप जातो, तो मुऱ्हाळी. अक्काची ही लग्नानंतरची पहिली आखाजी. आखाजी उद्यावर. लिंबाला झोका बांधून झाला होता. आईने चार दिवसांपासून शेजारपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आखाजीला आमची येतेय.

आणि बाबांनी निघताना मला एवढंच सांगितलं होतं, “घेऊनच ये.”

त्याला कारण होतं. लग्नात मानपानावरून बाबांचं नि या घराचं वाजलं होतं. बाबा आधीच तापट. पहिल्या आखाजीला पोरगी पाठवली नाही हे कळलं असतं तर ते गिरणी बंद करून इथे आले असते, ओट्यासमोर उभं राहून बोलले असते, आणि मग अक्काला माहेर कायमचं तुटलं असतं. चौदा वर्षांचा होतो, पण एवढं मला कळत होतं.

सासूबाईंनी मला चहा दिला. स्वतःही प्यायल्या, डाव्या हातात बशी धरून. मग म्हणाल्या, “उन्हाच्या आत नीघ.”

अक्का फाटकापर्यंत आली. हाताला पुरण तसंच.

“आईला सांग, मीच नाही म्हणाले. बरं नाही म्हणावं मला.”

“पण तुला तर काही झालेलं नाही.”

“हर्ष्या, सांग तेवढंच. बाबांसमोर दुसरं तोंडातून काढलंस तर बघ.”

ती आत गेली. मी वळून पाहिलं नाही, कारण मला रडू येत होतं आणि मुऱ्हाळी रडला असं त्या गल्लीत कुणी सांगायला नको होतं.

* * *

तालुक्याच्या स्टँडवर आलो तर जत्रा. सगळा खानदेश माहेरी निघालेला. गाडी लागली की लोक दाराकडे पळतच नव्हते, खिडकीकडे पळत होते. रुमाल टाक, टोपी टाक, पिशवी टाक. एकाने तर पोरगंच आत दिलं. जागा धरायची रीतच ती.

मीही धरली. आमची गाडी लागली तशी दोन गाड्यांमधल्या बोळात घुसलो, उडी मारली आणि तिसऱ्या खिडकीतून पिशवी सीटवर टाकली. बरोबर पडली. खूश झालो. मग वळसा घालून दारातून, कोपरं खात, कुणाच्या तरी डोक्यावरच्या पेटीखालून आत गेलो.

तिसऱ्या खिडकीशी एक म्हातारे बाबा बसले होते.

“बाबा, ही माझी जागा. पिशवी टाकली होती.”

“कुठली पिशवी?”

मी खाली पाहिलं. मागे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या गाडीत, बरोबर समोरच्या सीटवर, माझी निळी पिशवी बसली होती. बोळात घुसलो तेव्हा आमची गाडी उजवीकडे होती आणि मी टाकली डावीकडे.

ती गाडी हलली.

मी ओरडत दाराकडे निघालो, पण आत येणारे पन्नास आणि बाहेर जाणारा मी एकटा. खाली उतरलो तोवर ती गाडी फाटकाबाहेर. तिच्यामागे धावलो, चपलेचा अंगठा तुटला, परत आलो, तर आमचीही गाडी गेलेली.

पैसे पिशवीत होते. खिशात ठेवले तर कुणी मारेल म्हणून आईने पिशवीच्या तळाशी शिवून दिले होते. ती पिशवी पुन्हा कधी मिळाली नाही.

चौकशीच्या खिडकीवर गेलो. आतल्या माणसाने शांतपणे विचारलं, “गाडी कुठली होती?”

“माहीत नाही. चुकीची होती.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “चुकीची गाडी आमच्या वेळापत्रकात नाही, भो,” म्हणाला. पण चांगला माणूस होता. चार ठिकाणी फोन लावले त्याने. कुठेच लागला नाही.

मी बाकावर येऊन बसलो. शेजारी एक बाई होत्या. पन्नाशीच्या. नऊवारी, कपाळावर काही नाही, मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, गोल. बाळ धरावं तसं धरलेलं.

“डाव्या गाडीत टाकलीस,” त्या म्हणाल्या. “मी बघत होते.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू विचारलं का?”

मला राग आला. आणि हसूही आलं. त्यांनी पदराच्या गाठीतून शेंगदाणे काढून दिले. त्या द्वारकाबाई. आखाजीच्या आधी आठ दिवस गावोगाव जाऊन लोकांच्या घरी मांडे करून द्यायच्या. मांडा म्हणजे आमच्याकडची मोठी, रुमालासारखी पातळ पुरणपोळी. तव्यावर नाही होत ती, उलट्या घातलेल्या मातीच्या खापरावर होते, आणि सगळ्यांना जमत नाही. मांडीवरचं ते खापर. शेवटचं घर आटोपून त्या आपल्या गावी निघाल्या होत्या.

“एकटाच कुठून आलास?”

“अक्काकडून. मुऱ्हाळी गेलो होतो.”

“मग अक्का कुठाय?”

“तिला बरं नाही.”

“बरं नाही, आणि तू शेंगदाणे खात बसलास.”

मी शेंगदाणे खाली ठेवले. मग सगळं बाहेर पडलं. ओटा, डबा, बाबा, झोका, सगळं. त्या मधे एकदाही च् च् म्हणाल्या नाहीत.

“बापाला फोन लावायचा का? तिकडे त्या एसटीडीवरून लावू.”

“नको. ते इथे येतील. मग भांडण होईल.”

“हं.” त्यांनी खापर मांडीवर नीट घेतलं. “सासूच्या पोरी आहेत का?”

“दोन. उद्या येणार आहेत पोराबाळांसकट.”

“आणि घरात बाईमाणूस?”

“कुणी नाही. दाजी सुरतेला असतात. सासरे आहेत फक्त.”

“पुरण कोण वाटत होतं?”

“अक्का.”

“सासू काय करत होती?”

“बसली होती.”

“आदल्या दिवशी? चूल पेटलेली असताना?” त्या माझ्याकडे वळल्या. “नुसती बसली होती?”

“चहा पीत होती. डाव्या हाताने.”

हे मी का सांगितलं मला माहीत नाही. त्यांनी शेंगदाण्यांची गाठ पुन्हा बांधली. खापर उचललं, कमरेवर घेतलं आणि उभ्या राहिल्या.

“चल.”

“कुठे?”

“तुझ्या अक्काकडे. मोठं माणूस पाहिजे ना त्यांना? मी काय लहान दिसते?”

* * *

स्टँडबाहेर डांगरांनी भरलेली एक पिकअप उभी होती. डांगर म्हणजे खरबूज. आखाजीला घागरीवर ठेवायला घरोघर लागतं, म्हणून त्या दिवशी सोन्याच्या भावात जातं. गाडीवाला रज्जाकभाई, विशी-बाविशीचा, गळ्यात लाल रुमाल. तो आमच्याच वाटेच्या गावांना माल टाकत जाणार होता.

“जागा नाही मावशी, बघा की तुम्हीच.”

“मी पुढे बसते. पोरगं मागे.”

“पोरगं डांगर फोडेल.”

“पोरगं डांगर उतरवून देईल. दोन गावं. फुकट.”

रज्जाकभाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “येतं का रे उतरवायला?”

तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. मी हो म्हणालो.

मी डांगरांवर पालथा पडून दोन्ही हातांनी दोर धरला. पहिलं गाव नीट झालं. चाळीस डांगरं उतरवली. मागचं फळकं मीच लावलं. कडी लावायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

पुढे नाल्याचा चढ आला. फळकं उघडलं. आधी दोन डांगरं गेली, मग दहा, मग मी. मी डांगरांसोबत चढावरून घरंगळत खाली आलो. लागलं फारसं नाही, पण पँट गुडघ्यापासून वर फाटली आणि सगळं अंग डांगराच्या रसाने चिकट. वर रस्त्यात रज्जाकभाई कमरेवर हात ठेवून उभा.

मला वाटलं आता मारतो.

“किती फुटली?” त्याने विचारलं.

“सात.”

“तू धरून आठ.” आणि तो रस्त्यावरच बसून हसायला लागला. द्वारकाबाईही उतरल्या. त्या काही हसल्या नाहीत. त्यांनी फुटलेलं एक उचललं, बिया झटकल्या, तिघांना वाटून दिलं. “नाल्यात टाकण्यापेक्षा पोटात,” म्हणाल्या. इतकं गोड डांगर मी नंतर खाल्लं नाही. बारा वर्षं झाली, दरवर्षी खातो.

रज्जाकभाईने आम्हाला अक्काच्या गल्लीच्या तोंडाशी सोडलं. “चारला परत येतो इथून. तापीपलीकडे, तुमच्याच बाजूला, माल भरायला जायचंय. तुमचं काम झालं तर उभे रहा, नाही झालं तरी उभे रहा.”

गल्लीतून जाताना मला पहिल्यांदा भीती वाटली. “तुम्ही कोण म्हणून सांगायचं?”

“तूच ठरव. अक्का तुझी आहे.”

“मावशी म्हणू?”

“म्हण.”

“पण आईला बहीणच नाहीये. चार भाऊच आहेत.”

“आता उशीर झाला,” द्वारकाबाई म्हणाल्या. कारण फाटक आलं होतं आणि अक्का झाडू घेऊन अंगणातच होती.

तिने मला पाहिलं. फाटकी पँट, चिकट केस, एका पायात तुटकी चप्पल. मग माझ्याशेजारच्या बाईंना पाहिलं. मी म्हणालो, “अक्का, मावशी आलीये.”

अक्काने फक्त एकदा डोळे मिटून उघडले.

“मावशी, तू? एवढ्या उन्हात?” आणि वाकून पाया पडली. माझी बहीण इतकी पोचलेली आहे हे मला त्या दिवशी कळलं.

सासूबाई बाहेर आल्या. “कोण मावशी? लग्नात नाही दिसल्या.”

“लग्नात मी चुलीपाशी होते,” द्वारकाबाई म्हणाल्या. “चुलीपाशीच्या बाया कधी दिसतात का कुणाला?”

सासूबाई बाजूला सरकल्या. “बसा,” म्हणाल्या.

पण द्वारकाबाई ओट्यावर बसल्याच नाहीत. पाणी प्यायल्या आणि सरळ आत, चुलीपाशी. तिथे परातीत कणीक भिजवून ठेवलेली होती. त्यांनी बोटाने दाबून पाहिली.

“ही तिंबलेली नाही.”

“तिंबायचीये,” अक्का म्हणाली. “मी आधी पुरण…”

“तुला नाही विचारलं बेटा.” त्या सासूबाईंकडे बघत होत्या. “हात दाखवा.”

“कसला हात?”

“उजवा.”

सासूबाईंनी हात पदराखाली घेतला. आम्ही तिघंही तिथे उभे. सासरे बाहेर खाटेवर घोरत होते.

“मांडा करायला मनगट लागतं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मी पस्तीस वर्षं करतेय. माझंही गेलं होतं एका साली. कुणाला सांगितलं नाही. आठ घरांना, मला जमत नाही म्हणून नाही सांगितलं, तुमची कणीक बरोबर नाही म्हणून सांगितलं.”

सासूबाई हळूच पाटावर बसल्या. मग हात बाहेर काढला. मनगट सुजलेलं होतं, हळद लावलेली, वर जुन्या धोतराची पट्टी.

“पडले विहिरीजवळ,” त्या म्हणाल्या. “अठरा दिवस झाले. हिलाही जरा मुरगळलं एवढंच सांगितलं.” हिला म्हणजे अक्काला. “उद्या पोरी येतील. वर्षातून एकदा येतात, मांडे खायला येतात. आईच्या हातचे मांडे, आईच्या हातचे मांडे करत येतात. आता काय सांगू, आईचा हात गेला? एक मोठी आहे ना, ती मला लगेच घेऊन जाईल जळगावला. मग इथे कोण?”

अक्का त्यांच्याजवळ जाऊन बसली. पट्टी सोडून नीट बांधायला लागली.

सकाळचं सगळं माझ्या डोक्यात उलटं फिरलं. त्या बापाला बोलवत नव्हत्या. त्यांना सून हवी होती, एवढंच. मागता येत नव्हतं म्हणून भांडत होत्या.

द्वारकाबाईंनी खापराचं लुगडं सोडलं. “किती माणसं येतात?”

“पोरं धरून अकरा.”

“दोन-दोन धरू. बावीस. नैवेद्याचं ताजं लागतं, ते उद्या पोरी करतील तव्यावर छोटं. पाहुण्यांचे आज करून ठेवते, दुरडीत झाकून ठेवा. हर्ष्या, लाकडं आण. बारीक आण, खापराला भडका लागत नाही.”

मग अडीच तास मी जे पाहिलं ते मला अजून डोळ्यांसमोर येतं. कणकेचा गोळा, त्याच्या दुप्पट पुरण. तो लाटायचा नाहीच. दोन्ही हातांवर घ्यायचा आणि या कोपरावरून त्या कोपरावर झुलवायचा. झुलता झुलता तो पसरतो, इतका की त्यातून चुलीचा उजेड दिसतो. आणि मग अल्लद खापरावर. एक मिनिट. उलटायचा, घडी घालायची, दुरडीत. सासूबाई शेजारी बसून डाव्या हाताने तूप सोडत होत्या. आधी नुसतं बघत होत्या, मग सूचना द्यायला लागल्या.

“आमच्याकडे जरा जाड करतात.”

“जाड मांडा म्हणजे गोधडी,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“आमच्या घरची गोधडी चांगली असते.”

“मग गोधड्याच वाढा उद्या.”

सासूबाई हसल्या. मी त्यांना लग्नातही हसताना पाहिलं नव्हतं.

साडेतीन वाजता बावीस झाले. सासूबाई उठल्या, आतून अक्काची बॅग स्वतः घेऊन आल्या. डाव्या हाताने अक्काला कुंकू लावलं. जरा वाकडं लागलं. मग मला म्हणाल्या, “पाच दिवसांनी आणून सोड. तूच ये.”

“हो.”

“आणि मुऱ्हाळ्या, ऐक. तुझ्या आईला बहीण नाही. चार भाऊ आहेत. लग्नात एका पंगतीत बसलो होतो आम्ही, सगळी गणती सांगितली तिने.”

माझे कान गरम झाले. अक्का खाली बघत होती. द्वारकाबाई खापर गुंडाळत राहिल्या, जसं काही ऐकलंच नाही.

“मग… तुम्हाला आधीपासून…”

“ही मावशी फाटकातून आत आली तेव्हापासून,” सासूबाई म्हणाल्या. “जा आता. गाडी चुकेल.”

* * *

रज्जाकभाई चारला आला. आता गाडी रिकामी होती, म्हणून अक्का नि द्वारकाबाई पुढे, मी मागे, आणि फळक्याची कडी त्याने स्वतः लावली. दोनदा ओढून पाहिली.

द्वारकाबाईंना तापीअलीकडच्या फाट्यावर उतरायचं होतं. तिथून त्यांच्या गावाला जीप मिळते. फाटा आला. त्या उतरल्या. अक्काही उतरली.

“तुमच्या घरी कोण आहे?” अक्काने विचारलं.

“कुलूप,” त्या म्हणाल्या.

“आणि माहेर?”

“होतं. भाऊ होता तोवर.”

अक्काने त्यांच्या हातातून खापर घेतलं आणि परत गाडीत जाऊन बसली. मांडीवर ठेवून. द्वारकाबाई रस्त्यात उभ्या. “अगं, ए. माझं आहे ते.”

“माहितीये,” अक्का आतून म्हणाली. रज्जाकभाईने हॉर्न वाजवला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई दारातच होती. दुपारपासून दारातच होती, हे शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं. बाबा गिरणीतून तसेच आले, भुवया नि मिशा पिठाने पांढऱ्या. त्यांनी अक्काकडे पाहिलं, माझ्या पँटकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही.

आईने विचारलं. “ह्या कोण?”

मावशी म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण आईसमोर ते जमेना. मी सगळं सांगितलं, उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या, डांगरासकट. द्वारकाबाई मागे सरकून लिंबाच्या बुंध्याला टेकून उभ्या होत्या, निघायच्या तयारीत.

आई आत गेली. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माहेरी आलेल्या पोरीवरून ओवाळून टाकतात तो. अक्कावरून ओवाळला, टाकला. मग आई पुन्हा आत गेली. आम्ही थांबलो. ती दुसरा तुकडा घेऊन आली.

“या पुढे,” ती द्वारकाबाईंना म्हणाली.

“माझ्यावरून कशाला ओ? मी काय…”

“उंबऱ्यात बोलू नये. उभ्या रहा नीट.”

त्या उभ्या राहिल्या. आईने ओवाळलं. पायांवर पाणी घातलं. द्वारकाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे इतका ओढला की तोंडच दिसेना. दुसऱ्या दिवशी त्या झोक्यावर बसल्या, अक्काने झोका दिला, आणि त्यांनी आखाजीची जी गाणी म्हटली ती आमच्या गल्लीत कुणालाच येत नव्हती. पाच दिवस राहिल्या.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी बाबांनी मला गाडीभाड्याचे पैसे दिले. दोन गावांचे. आधी अक्काकडे, मग द्वारकाबाईंकडे. मी त्यांना काहीच कळवलं नव्हतं. फोन नव्हता त्यांच्याकडे, आणि वर्षभरात भेटही नव्हती. जीपमध्ये मी अक्काला म्हणत होतो, घरी नसल्या तर? कुठे मांडे करायला गेल्या असल्या तर?

गल्लीत शिरलो. त्यांच्या दाराला कुलूप होतं.

आणि खाली पायरीवर द्वारकाबाई बसल्या होत्या. नवं लुगडं, केसांना तेल, शेजारी बांधून ठेवलेलं गाठोडं.

“किती उशीर रे,” म्हणाल्या. “सकाळपासून बसलेय.”